नववी मागणी

कुणाशी काही महत्त्वाचं बोलायचं असलं की ते आधी खुर्ची उचलायचे. शेजारी बसून बोलणं त्यांना मान्यच नव्हतं. खुर्ची बरोबर समोर ठेवायची, मधे टेबल घ्यायचं. टेबल नसेल तर स्टूल, स्टूलही नसेल तर पालथी घातलेली बादली. पण मधे काहीतरी पाहिजे. मग त्यावर दोन्ही हात ठेवून ते म्हणायचे, "हां. आता टेबलावर आलं. आता सुटेल."

दापोडीत रेल्वेच्या बाजूला आमची गल्ली आहे. तिथे ते माझ्या समोरच्या घरात राहत. लहानथोर सगळे त्यांना लीडर म्हणत. कारखान्याच्या युनियनमध्ये त्यांचं आयुष्य गेलं होतं. कंपनी आधी पिंपरीत होती, पुढे चाकणला गेली, तेव्हा शेवटची काही वर्षं ते कंपनीच्या बसनं चाकणला जात. निवृत्त झाल्यावर पहिली पाळी सुटली, कॅन्टीन सुटलं, पण लीडरपण काही सुटलं नाही. मी ताथवड्याच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ग्रंथपाल आहे. मी शिकवत नाही हे अनेकदा सांगूनही ते मला मास्तरच म्हणत राहिले.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, ज्यांना सरळ मागून मिळालेली वस्तू गोड लागत नाही. लीडर भाजी घ्यायला गेले की आधी म्हणायचे, मेथी निम्म्या भावात द्या, वर मिरच्या द्या, आलं द्या आणि कोथिंबीर द्या. भाजीवाली कपाळाला हात लावायची. मग लीडर मोठ्या मनानं मेथीचा आग्रह सोडायचे, आलं सोडायचे, मिरच्यांचं बघू म्हणायचे आणि कोथिंबीर घेऊन घरी यायचे. कोथिंबीर ती सगळ्यांनाच फुकट देते, हे मी त्यांना सांगितलं. त्यावर ते म्हणाले, "तुम्हाला दिली, मास्तर. मी मिळवली."

त्यांच्या पत्नीला आम्ही सगळे माई म्हणायचो. त्या राजगुरुनगरच्या बाजूच्या. इतकी वर्षं दापोडीत काढली तरी तिकडची बोली सुटली नव्हती. माईंचा एकच नेम होता. रोज संध्याकाळी मोठ्या रस्त्याच्या पलीकडे विहारात जायचं, मेणबत्ती लावायची, वंदना म्हणायची, बायकांशी चार शब्द बोलून परत यायचं. लग्न होऊन आल्यापासून त्यांची संध्याकाळ तिथेच गेलेली.

मग रस्ता रुंद झाला आणि मधोमध छातीइतका उंच लोखंडी कठडा आला. पूर्वी गल्लीच्या तोंडाशी थांबून गाड्या विरळ झाल्या की पलीकडे जाता येत असे. आता पादचारी पूल चढायचा. पूल चांगला आहे, त्यावर दिवेही आहेत, पण माईंचे गुडघे त्याला तयार नव्हते. त्या एकदा चढल्या, वर पोचून पुलाच्या कठड्याला धरून बराच वेळ उभ्या राहिल्या, आणि तशाच अलीकडे उतरल्या. लीडर म्हणाले, रिक्षानं जाऊ, लांबून वळसा घालून. माई म्हणाल्या, "इहारात रिक्षातनं जाया मी काय पाव्हणी हाय?" त्यानंतर त्या गेल्याच नाहीत. संध्याकाळी घरातच मेणबत्ती लावायला लागल्या.

लीडरनी त्याच आठवड्यात कठड्याचा प्रश्न हाती घेतला. हे मी माईंसाठी करतोय, असं त्यांनी कधीही कबूल केलं नाही. विचारलं की म्हणायचे, "हा जनतेचा प्रश्न आहे." जनता आत स्वयंपाकघरात कांदा चिरत असायची, आणि तिला सगळं कळत असायचं.

अर्ज झाले. एका कार्यालयानं सांगितलं, रस्ता आमचा, कठडा आमचा नाही. दुसऱ्यानं सांगितलं, कठडा आमचा, पण त्यात वाट करायची तर सिग्नल लागेल, तो आमचा नाही. तिसऱ्यानं अर्ज पहिल्याकडे पाठवला. शेवटी आमच्या गल्लीतल्या एका फिटरची मुलगी, जी वकील झाली आहे, तिनं ओळखीच्या वकिलांमार्फत मुंबईला हायकोर्टात याचिका लावून दिली. तिला लीडरनी दुपट्यात पाहिलेलं, पण पदवी मिळाल्या दिवसापासून ते तिला वकीलसाहेब म्हणत.

आदेश तिच्या मोबाइलवर आला त्या दिवशी मी लीडरच्या घरीच होतो. तिनं तो वाचून दाखवला आणि ती समजावून सांगणार, तेवढ्यात लीडर चपला घालून बाहेर पडले. परत आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन.

"काका, आपण जिंकलेलो नाही," ती म्हणाली. "कोर्टानं एवढंच म्हटलंय की तुम्ही सक्षम प्राधिकाऱ्याकडे निवेदन द्या. त्यांनी तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं आणि कायद्यानुसार निर्णय घ्यावा. वाट द्या की देऊ नका, यावर कोर्ट एक अक्षर बोललेलं नाही."

"म्हणजे मॅनेजमेंटला बोलणीला बसायला लावलं."

"मॅनेजमेंट नाही हो. प्राधिकारी."

"तेच ते. वकीलसाहेब, पेढा खा."

त्यांचा आनंद खोटा नव्हता. युनियनच्या सगळ्या काळात कोर्टानं कधी पगारवाढ दिली नव्हती. कोर्ट म्हणायचं, दोघं बसा आणि बोला. मालक बसायला तयार नसायचा, म्हणून तर कोर्टात जायचं. तो एकदा समोर बसला की अर्धी लढाई मारली, असा त्यांचा अनुभव. मी हळूच म्हटलं, ज्यांनी अर्ज फिरवला त्यांच्याकडेच तो पुन्हा गेला की. लीडर म्हणाले, "पत्ता तोच आहे, मास्तर. पण आता माणूस घरी सापडेल."

तो माणूस सापडायलाही वेळ लागला. सक्षम प्राधिकारी कोण, हे आदेशात लिहिलेलं नव्हतं. लीडर ज्या खोलीत जात तिथला धडधाकट माणूस, मी सक्षम नाही, असं सांगून पुढच्या खोलीकडे बोट दाखवी. अखेर एका टोकाच्या खोलीत, सर्दीनं बेजार झालेले, गळ्याला मफलर गुंडाळलेले एक साहेब भेटले. तेच सक्षम निघाले.

निवेदन माझ्या घरी, माझ्या कॉम्प्युटरवर तयार झालं. लीडर समोर खुर्ची ठेवून सांगत होते आणि मी टाइप करत होतो. गल्लीच्या तोंडाशी बाकडं हवं. कचराकुंडी हवी. वळणावर आरसा हवा. गल्लीच्या नावाचा फलक, पाणपोई, जादा दिवा, कुंड्यांमध्ये झाडं, सूचनाफलक हवा. नववी मागणी, कठड्यात माणसांना जायला वाट आणि सिग्नल. त्यापुढे आणखी दोन, आता आठवतही नाहीत.

मी म्हटलं, "लीडर, आपल्याला वाटच हवी आहे ना?"

"हवी आहे म्हणून तर बाकीचं लिहितोय." त्यांना माझी कीव आली असावी. "एकच मागणी घेऊन गेलं तर समोरचा सोडायला कुठली लावणार? तीच. आपल्याकडे सोडायला काही नको का? अकरा घेऊन जायच्या. तो एकेक नाही म्हणेल, आपण कुरकुर करत सोडायची. दहा नाही म्हणून झाल्यावर त्यालाच लाज वाटते. मग म्हणतो, जाऊ दे, ही एक घ्या. आणि खरी कधी पहिल्या नंबरला ठेवायची नाही. ती गर्दीत उभी करायची."

सुनावणीला लीडर शिष्टमंडळ घेऊन गेले. मी, वकीलसाहेब आणि गल्लीतले दोन निवृत्त कामगार, इस्त्रीचे शर्ट घालून. लीडरनी साहेबांची परवानगी घेऊन आपली खुर्ची थोडी सरकवली, बरोबर समोर आणली. साहेबांनी चहा मागवला. लीडर नम्रपणे म्हणाले, बोलणी होईपर्यंत आम्ही चहा घेत नसतो. निवृत्त कामगारांपैकी एकानं कपाला लावलेला हात मागे घेतला आणि परत जाणाऱ्या ट्रेकडे शेवटपर्यंत पाहिलं.

साहेबांनी नाक पुसलं आणि पहिली मागणी वाचली. "बाकडं. ठीक आहे. मंजूर."

लीडर पुढे झुकले होते, ते तसेच राहिले.

"कचराकुंडी. मंजूर. आरसा. हरकत नाही."

मी लीडरकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. साऱ्या आयुष्यात कुठल्याच मॅनेजमेंटनं त्यांची पहिली मागणी मान्य केली नव्हती. अशा वेळी काय करतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. पाणपोईला साहेब मंजूर म्हणणार, एवढ्यात ते घाईनं म्हणाले, "साहेब, पाणपोई आम्ही सोडायला तयार आहोत."

"कशाला सोडताय? देतोय ना."

"नाही, पण तुमच्यावर एवढा बोजा नको. फलकही सोडतो. झाडंही."

"अहो काका," साहेब शिंकत म्हणाले, "कोर्टाचा आदेश आहे. नाही म्हटलं तर मला कारण लिहावं लागतं, आणि ते कारण उद्या कोर्ट वाचणार. हो म्हटलं तर काही लिहावं लागत नाही. तुम्ही निवांत बसा."

असे ते नवव्या मागणीपाशी आले आणि थांबले. खिडकीबाहेर बघत त्यांनी बराच विचार केला. मग अगदी घरच्यासारखं सांगितलं की सगळंच मंजूर केलं तर वरचे म्हणतात, डोळे झाकून सही केली. एखादी मागणी अमान्य केलेली बरी दिसते. शिवाय हिला कारणही आयतं आहे. गल्लीच्या तोंडाशी आता बाकडं, कुंडी, पाणपोई आणि झाडं येणार. मग सिग्नलला थांबणारी माणसं उभी कुठे राहणार?

चहा पुन्हा आला, तो लीडरनी प्यायला नाही. बाकीच्यांनी प्यायला.

गंमत म्हणजे दहाही कामं झटपट झाली. इतकी वर्षं जिथे एक खड्डा बुजला नव्हता, तिथे बाकडं आलं, निळी कचराकुंडी आली, कुंड्यांत मोगरा आला. गल्ली वेडी झाली. लीडरचा सत्कार ठरला, शाल आली, नारळ आला, तरुण मंडळींनी स्पीकर लावला. एकानं भाषणात सांगितलं की अकरापैकी दहा मागण्या मान्य करून घेणारा नेता देशात दुसरा नसेल. टाळ्या पडल्या. लीडर शाल पांघरून असे बसले होते की लांबून येणाऱ्याला वाटावं, घरात काही वाईट घडलंय.

संध्याकाळी माई त्या बाकड्यावर जाऊन बसू लागल्या. तिथून कठड्याच्या गजांमधून पलीकडचा विहार दिसायचा. आत मेणबत्त्या लागल्या की काचेवर उजेड हलायचा. माई तिथे बसूनच हात जोडायच्या.

एकदा लीडर त्यांच्यापुढे उभे होते, मीही होतो. माई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या आता. हितनं दिसतंय की. दिसलं तरी पुरं."

"पुरं कसं? वंदना काय लांबून बघायची असती का?"

"मंग काय, तुमचा तो साहेब माझं गुडघं बदलून देतोय?"

लीडर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघा मास्तर, जनता कशी थकते." पण त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. दुसऱ्या दिवशी ते वकीलसाहेबांकडे गेले.

आता कोर्टात काय मागायचं, हाच प्रश्न होता. वाट हवी तर जागा हवी, आणि जागा हवी तर मिळालेल्या वस्तू हलवायला हव्यात. म्हणजे लीडरना आपणच जिंकलेलं बाकडं, कुंडी, पाणपोई आणि मोगरा हटवा, अशी दाद मागायची होती. वकीलसाहेबांनी तसं लिहिलंही, पण लिहिताना तिला हसू आवरत नव्हतं. हायकोर्टानं सगळं वाचलं आणि आदेश दिला, अर्जदारानं सक्षम प्राधिकाऱ्याकडे नव्यानं निवेदन द्यावं, त्यांनी ऐकून घ्यावं आणि निर्णय घ्यावा.

या वेळी लीडरनी पेढे आणले नाहीत. मला म्हणाले, "एकच मागणी लिहा. वाट." आणि मग बनियनवर रस्त्यात आल्यासारखे अवघडून बसले.

पण गल्लीला याची कुणकुण लागली होती. बाकडं जाणार म्हटल्यावर म्हातारे चिडले, मोगरा जाणार म्हटल्यावर बायका चिडल्या. आणि एका रविवारी सकाळी पाचसहा जणांचं शिष्टमंडळ लीडरच्या घरी आलं. त्यांनी खुर्च्या समोर मांडल्या, मधे स्टूल घेतलं आणि अकरा मागण्यांचा कागद पुढे ठेवला. माईंनी चहा आणला, तर म्हणाले, बोलणी होईपर्यंत नको.

लीडरचा चेहरा मी तेव्हा पाहिला. कितीतरी दिवसांनी त्यांच्यात जीव आला होता. त्यांनी चष्मा लावला, कागद सावकाश वाचला, आणि पहिलीच मागणी, गल्लीत नवीन सभागृह, तडकाफडकी फेटाळली. मग पुढची. समोरचे कुरकुरत सोडत गेले. दुपार झाली. तरुणांपैकी एकाची पाठ भरून आली, पण हटायला कुणी तयार नव्हतं. सातव्या नंबरला बाकडं आलं, तेव्हा लीडर माझ्याकडे बघून डोळ्यांनीच हसले. गर्दीत उभी केलेली खरी मागणी त्यांनी बरोबर ओळखली होती.

समझोता असा झाला. बाकडं गल्लीच्या आत, खुद्द लीडरच्या खिडकीखाली येईल. तिथे बसून म्हाताऱ्यांनी कितीही मोठ्यानं बोललं तरी लीडर तक्रार करणार नाहीत. मोगऱ्याच्या कुंड्या दारोदार वाटल्या जातील, कचराकुंडी गल्लीत मागे सरकेल, पाणपोई विहाराच्या बाजूला जाईल. सगळ्यांनी सह्या केल्या आणि गार झालेला चहा प्यायला. मंडळी गेल्यावर लीडर मला म्हणाले, "पोरं तयार झाली, मास्तर." एवढ्या समाधानानं बोलताना मी त्यांना आधी ऐकलं नव्हतं, नंतर ऐकायला मिळालं नाही.

पावसाळा सरता सरता ते गेले. छातीत दुखतंय म्हणाले, दवाखान्यात नेलं, परत आणलं ते तसं. गल्लीतल्या प्रत्येक घरातून माणूस आला. कंपनीतले जुने लोक चाकणहून शिफ्ट संपवून आले. हे लिहितानाही मला मधेच उठून खिडकी लावावीशी वाटते, कारण त्यांच्या वेळी सताड उघडं असायचं ते समोरचं दार आता बंद दिसतं.

सुनावणीची नोटीस त्यांच्या नावानं आली ती त्यानंतर. वकीलसाहेब म्हणाली, अर्जदार गैरहजर म्हटलं की प्रकरण निकाली निघेल. आम्ही दोघं काय करावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात माई आतून लुगडं बदलूनच आल्या. "चला," म्हणाल्या.

साहेब तेच होते, मफलरही तोच. त्यांनी अर्जदार कुठे आहेत असं विचारलं. माई म्हणाल्या, "त्ये न्हाईत आता. मी आलेय." साहेब उठून उभे राहिले आणि मग पुन्हा बसले.

माईंना थोडं कमी ऐकू येतं. त्यांनी समोरची खुर्ची उचलायला लावली आणि टेबलाला वळसा घालून साहेबांच्या शेजारी जाऊन बसल्या. चहा आला तो लगेच घेतला, बिस्किटही घेतलं. मग साहेबांसमोरच्या नकाशावर बोट ठेवून म्हणाल्या, "दादा, मला हितनं तिकडं जायचंय. बाकी मला काय बी नगं."

वकीलसाहेबांनी समझोत्याचा कागद पुढे केला. साहेबांनी सह्या पाहिल्या. वाट द्यायला त्यांची आता हरकत दिसत नव्हती, पण पेन हातात धरून ते अडखळले. शेवटी वकीलसाहेबांकडे बघून, जरा संकोचूनच, म्हणाले की अर्जात एकच मागणी आहे. तीच मंजूर केली तर अमान्य करायला काही उरत नाही. पूर्वीचे अर्जदार कसं, भरपूर लिहून आणायचे.

माईंनी हे दोनदा विचारून नीट समजून घेतलं. बिस्किट संपवलं. मग म्हणाल्या, "आस्सं व्हय. मंग लिवा की, दुसरी मागणी. वाट न्हाई जमली तर इहार उचलून अलीकडं आणून द्या."

साहेबांनी ती मागणी लिहून घेतली, आणि तीन ओळींची सविस्तर कारणं देऊन अमान्य केली. त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला.

कठडा कापला, दोन्ही बाजूंना सिग्नल लागले. ज्या संध्याकाळी ते सुरू झाले, त्या संध्याकाळी गल्ली तोंडाशी जमली होती. मी माईंचा हात धरला तर म्हणाल्या, "सोडा भाऊ, लोकास्नी वाटंल पळवून न्हेताय." हिरवा दिवा लागला आणि त्या निघाल्या, एक हात गुडघ्यावर ठेवून. मी दोन पावलं मागे.

कठड्याच्या वाटेपाशी पोचेपर्यंत दिवा लाल झाला. मी म्हटलं, माई, इथे थांबू. त्यांना ऐकू आलं नाही किंवा त्यांनी ऐकलं नाही. त्या पुढे चालतच राहिल्या. समोर बस उभी होती, मागे मोटारसायकलींचे हॉर्न सुरू झाले. बसच्या ड्रायव्हरनं खिडकीतून माईंकडे पाहिलं, त्यांच्या चालण्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. मग मागचे हॉर्नही एकेक करत थांबले.

पलीकडे पोचल्यावर माई वळल्या. गल्लीच्या तोंडाशी सगळे उभे होते, म्हातारे, बायका, पोरं. माईंनी एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मग पुन्हा एकदा पहिल्यापासून. त्यानंतर पायातल्या चपला काढल्या आणि त्या आत गेल्या.